येऊ दे, राहू दे

दाऊच्या ब्यारात गाडी मागं घेणं सोपं नाही. इकडं खळ्याले ब्यारा म्हणतात. आत जायले विटा-मातीचे दोन खांब. त्याच्या मधून पिकअप घुसवली की एका बाजूले हात जाते, दुसऱ्या बाजूले तेवढीही जागा नाही. आत दोन्हीकडं धानाच्या गंज्या, समोर गाईचा कोठा. गाडी फिरवायले जागाच नाही म्हणून रिव्हर्समधेच घ्यावी लागते.

अन् वेळ कोणती, तर पहाटेची. सहकारी सोसायटीत धान विकायले लाइन लागते, त्याच्यात पुढं राहायचं तर उजेडायच्या आत कट्टे, म्हणजे धानाची पोती, भरून निघावं लागते. वरून धुकं. धुकं तरी कसलं, अर्धं धुकं अन् अर्धा सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यांच्या भट्ट्यांचा धूर. सकाळी तोंड पुसलं की दुपट्टा काळा.

त्या दिवशी आई मागं होती. म्हणजे रोजच असते. बाबानं फॅक्टरी सोडून पिकअप घेतली तेव्हापासून मागं उभी राहून आवाज देणारी आईच. बाकीच्या गाड्यांवर क्लीनर असते, आमच्या गाडीवर आई. पदर खोचलेला, कानाले मफलर, पायात माझे जुने बूट. कट्टे मोजते, दोर बांधते, डाला, म्हणजे गाडीची मागची फळी, लावते. दोराची गाठ तिची असली की वाटेत ढिली होत नाही.

घरी ती बाबाले 'तुम्ही' म्हणते. जेवले का तुम्ही, गेले का तुम्ही. पण गाडीमागं उभी झाली की 'येऊ दे'. माझी लहान बहीण श्रावणी, तिले मराठी समजते पण बोलते हिंदीच, तिनं एकदा आईले चिडवलं, "आई, आप बाबा को तू बोलते हो वहां पे."

आई म्हणे, "मी त्यायले कुठं म्हणते? मी गाडीले म्हणते."

'येऊ दे' म्हटलं की गाडी मागं. 'राहू दे' म्हटलं की गाडी उभी. तिसरा शब्द नाही. दुसरे लोक 'बस बस' म्हणतात. आईच्या माहेरी, गोंदियाकडं, तिचे वडील बैलबंडी लावताना असंच म्हणत, तेच तिच्या तोंडात बसलं.

मी आत होतो, कोठ्याजवळ, कट्टे ओढून राहिलो होतो. दाऊचे तीन-चार मजूर सोबत. गाडीचा आवाज जवळ येऊन राहिला होता, मागं आईचा आवाज, येऊ दे, येऊ दे. मग काही तरी पडल्याचा आवाज झाला. फार मोठा नाही. धप्प. मातीचा आवाज असते तसा.

धावत गेलो तर उजवा खांब आडवा. गाडीचा मागचा कोपरा त्याच्यात. आई धानाच्या तणसात, वाळल्या काडात, पडलेली. उठून बसली अन् आधी पदर सारखा केला. कोपर सोललं होतं, रक्त मफलरले लागलं होतं.

बाबा खाली उतरले. खांब पाहिला, गाडी पाहिली, मग आईले पाहिलं.

"काहून ओरडली नाही?"

"ओरडली नाही? राहू दे म्हटलं मी."

"येऊ दे म्हटलं तू."

"राहू दे म्हटलं. तीनदा म्हटलं."

"मले येऊ दे ऐकू आलं. मी काय आंधळा हाय का, मुद्दाम घुसवीन?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. मले खरंच काही समजलं नव्हतं, मी कट्ट्यांत होतो.

दाऊ कंबल ओढून टॉर्च घेऊन आले. दाऊ म्हणजे गावातले मोठे शेतकरी, आमचा या सीझनचा सगळा धंदा त्यांच्या धानावर. त्यांनी टॉर्च खांबावर मारली, मग आईच्या तोंडावर मारली अन् तिथंच ठेवली.

"का कर डारे गा शालिक?" बाबाचं नाव शालिग्राम, पण इकडं सगळे शालिकच म्हणतात.

"मैं क्या करूं दाऊ. ये बोली आने दे, तो मैं आया."

मागून एक मजूर हसला. "लुगाई के इसारा म गाड़ी चलाबे, त अइसनेच होही भैया." बायकोच्या इशाऱ्यावर चालवशील तर असंच होणार, म्हणे. बाकीचे पण हसले. आई टॉर्चच्या उजेडात डोळे बारीक करून उभी होती. हात वर करून उजेड अडवला पण नाही तिनं.

दाऊ म्हणाले, "खंभा ल तैं बनाबे. अउ पाछू कोती लाइट लगवा. फेर अइसन होइस, त मैं दूसर गाड़ी लगा लेहूं." खांब तू बांधून दे, मागं लाइट लाव, पुन्हा असं झालं तर दुसरी गाडी पाहीन, म्हणे.

"हव," बाबा म्हणाले.

बाबा सगळ्यालेच हव म्हणतात.

*

खांब मी अन् बाबानं बांधला. पडलेल्या विटा साफ करून, माती तुडवून. बाबा तुडवून राहिले होते, मी विटा देऊन राहिलो होतो. माती थंडगार, पाय निळे पडायची वेळ. गावातला येणारा-जाणारा थांबून पाहे. एकानं विचारलं, ठेकेदारी चालू केली का शालिक भैया? बाबा म्हणाले, हव. तो माणूस बुचकळ्यात पडून निघून गेला. मले हसू आलं, बाबाले नाही आलं.

दुसऱ्या दिवसापासून आई घरी.

कोणी तिले येऊ नको म्हटलं नाही. पहाटे ती उठली, बूट घातले, मफलर बांधला, दाराशी उभी राहिली. बाबानं गाडी चालू केली अन् मले म्हणाले, "पियुष, तू मागं पाहशील आज." बस, एवढंच. आईनं बूट काढून परत चपलांच्या बाजूले ठेवले.

मी मागं उभा झालो. मले तिच्यासारखं ओरडता येत नाही, लाज वाटते. मी हातानं डाल्यावर थाप मारत गेलो, हळू हळू थाप म्हणजे ये, अन् जोरात दोन म्हणजे थांब. गाडी बरोबर थांबली. एका फटक्यात. दाऊ पाहून राहिले होते, काही बोलले नाही, म्हणजे चांगलंच झालं.

घरी आल्यावर बाबा जेवायले बसले अन् म्हणाले, "पाहा. पोट्ट्याले एका दिवसात जमलं. काही अवघड काम नाही ते."

आई भात वाढून राहिली होती. तिनं पूर्ण वाढला. मग पातेलं उचलून आत नेलं, त्याच्यात अजून भात होता तरी.

आईले घरी बसता येत नाही. त्या तीन-चार दिवसांत तिनं काय काय केलं ते सांगतो. गाडीचे सगळे दोर धुऊन वाळवले. कोठी रिकामी करून पुन्हा भरली. अंगण सारवलं, वाळायच्या आत त्याच्यावरून चालली, परत सारवलं. दुपारी रस्त्यावर कोणतीही गाडी मागं येऊन राहिली असली की दारात जाऊन उभी राहे. एकदा शेजारच्या घरी ट्रॅक्टर ट्रॉली लावून राहिला होता, तिच्या तोंडातून हळूच निघालं, येऊ दे. मग आजूबाजूले पाहिलं कोणी ऐकलं का.

एकदा मले म्हणाली, "तुले काय वाटते? मी काय म्हटलं असन?"

"मले ऐकूच नाही आलं, आई. मी आत होतो."

"हो." तिनं कोपरावरची हळदीची पट्टी सारखी केली. "कोणालेच नाही आलं."

*

लायटी लावायचं काम माझ्याकडं होतं, अन् खरं सांगतो, मले त्याचीच खाज सुटली होती. मी कोणाकडं शिकलो नाही. घरातला मिक्सर उघडून शिकलो, मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकलो, मामाच्या स्कूटरचा हॉर्न दाबला की इंडिकेटर लागे असं करून ठेवलं होतं, त्याच्यातून शिकलो. बसून राहणं मले जमत नाही. आईवर गेलो म्हणतात.

भनपुरीले गेलो. तिथं ट्रकच्या सामानाची दुकानंच दुकानं, रस्त्यावर ऑइल सांडलेलं, प्रत्येक दुकानासमोर एक ट्रक पोट उघडून उभा. दुकानवाल्यानं दोन चौकोनी एलईडी लायटी दिल्या, तळहातापेक्षा थोड्या मोठ्या. म्हणे, "बजर भी ले जा. रिव्हर्स डालते ही चिल्लाता है. पीछे कोई भी हो, हट जाता है." मी बजर पण घेतला. आता मागं कोणी उभं राहायची गरजच नाही, असं मले वाटलं.

दुपारी अंगणात गाडी लावून खाली घुसलो. पाठीखाली पोतं. चेसिसले लागलेला चिखल वाळून तोंडावर पडून राहिला होता. मागच्या लाइटचं झाकण काढलं, रिव्हर्सच्या बल्बले जाणारी तार शोधली. बाबा कॅबिनमधे बसले होते.

मी खालून म्हटलं, "बाबा, चावी फिरवा."

"काय?"

"चावी."

"भाजी? मले काय माहीत कोणती भाजी, आईले विचार."

मी हसलो. मले वाटलं गंमत करून राहिले. खालून गाडीले पाना ठोकला तेव्हा खाली वाकून पाहिलं, मी हातानं चावी फिरवून दाखवली, मग फिरवली.

आई तारेचं वेटोळं धरून बाजूले बसली होती. मी मागीन तेवढी तार सोडे. दोन हात सोड म्हटलं की दोन हात.

"हे लागलं की मागं कोणी उभं नाही लागत?" तिनं विचारलं.

"नाही ना. हा मोठा उजेड पडते. अन् बजर वेगळा."

"हं." तार थोडी सोडली तिनं. "बरंच झालं मंग."

पहिल्या वेळी मी मूर्खपणा केला. दोन्ही लायटींच्या तारा सरळ त्या बल्बच्या तारेलेच जोडल्या. रिव्हर्स टाकला, भक्कन उजेड पडला, कोपऱ्यातली तुळस, विहिरीचा पत्रा, सगळं पांढरं झालं, अन् बंद. तेवढी बारीक तार एवढा भार कशी ओढन. फ्यूज उडाला. जळका वास आधी बाबालेच आला. "जाळलं ना," म्हणाले. त्याच फ्यूजवर इंडिकेटर होता, तो पण गेला, अन् माझ्याकडं तसा फ्यूज नव्हता.

संध्याकाळी एक भाडं होतं सिलतऱ्यापर्यंत. बाबा पूर्ण रस्ता खिडकीतून हात काढून वळणं दाखवत गेले. मी बाजूले बसलो होतो. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला, मग बाजूले येऊन आईवरून शिवी दिली. बाबानं त्याच्याकडं पाहिलं नाही, सरळ चालवत राहिले. मले वाटलं, माणसानं एवढं पण गप राहू नये. शरमेनं माझेच कान गरम झाले.

"ऐकलं नाही का तुम्ही, तो काय बोलून गेला?"

बाबा समोर पाहत म्हणाले, "हव."

*

दुसऱ्या दिवशी परत भनपुरी. या वेळी फ्यूज अन् रिले आणली. रिले म्हणजे अंगठ्याएवढा काळा डब्बा, खाली चार पाय. दुकानवाल्यानं एका खोक्यावर पेनानं काढून दाखवलं. रिव्हर्सची बारीक तार फक्त इशारा करते, रिलेच्या आत टक् होते, अन् लायटींचा खरा करंट बॅटरीवरून जाड तारेनं येते. बारीक तारेवर भार नाही.

सकाळचं भाडं करून आलो अन् लागलो. बॅटरीजवळून जाड तार काढली, पहिल्या वितीतच फ्यूज टाकला, नळीत घालून चेसिसच्या आतून मागं नेली, सायलेन्सरपासून दूर. जिथं तिथं प्लॅस्टिकच्या टायनं आवळली. अर्थिंगची जागा पॉलिश पेपरनं घासून घासून पांढरं लोखंड काढलं, रंगावर लावली तर लाइट मरतुकडी लागते. डाल्याच्या खाली दोन पट्ट्या मारून लायटी बसवल्या, तोंड जमिनीकडं, कारण चाकं कुठं जाऊन राहिली ते दिसलं पाहिजे. बजर मधे, नंबर प्लेटच्या मागं. आई तार सोडत गेली. माझ्या हातातून पाना निसटला की तिचा हात आधीच तिथं असे.

दिवस बुडायले आला तेव्हा झालं. श्रावणी कॉलेजमधून आली होती, गाडीच्या मागं उभी राहून मोबाइल पाहून राहिली होती. आई पीठ मळता मळता बाहेर आली, हाताले पीठ तसंच.

मी बाबाले इशारा केला. बाबा कॅबिनमधे चढले. इंजिन चालू केलं नाही, फक्त चावी, अन् रिव्हर्स टाकला.

लायटी लागल्या. या वेळी बंद झाल्या नाही. अन् बजर असा किंचाळला, टींव टींव टींव, एकदम बारीक अन् टोचणारा, दातातून जाणारा आवाज. बाजेखालचं कुत्रं उठून पळालं. शेजारचं लेकरू रडायले लागलं. श्रावणीनं मोबाइल काखेत धरून दोन्ही कानांत बोटं घातली.

मी खुश. मी ओरडून म्हटलं, "झालं बाबा!"

बाबानं खिडकीतून डोकं काढलं. "लाइट बरोबर हाय. पण बजर काहून नाही वाजून राहिला?"

मी त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिलो. बजर टींव टींव करूनच राहिला होता.

"काय पाहतो? कनेक्शन खोटं केलं तू. पाहा खाली घुसून."

"बाबा, बंद करो ना प्लीज, कान फट रहे हैं," श्रावणी म्हणाली.

बाबानं तिच्याकडं पाहिलं. आरशातून नाही, मान वळवून पाहिलं. तिची बोटं कानात होती, तोंड वाकडं. बाबानं चावी बंद केली. लायटी विझल्या, आवाज थांबला, श्रावणीनं बोटं काढली.

मग बाबानं परत चावी फिरवली. टींव टींव टींव. श्रावणीनं परत कानात बोटं घातली, "अरे क्या है ये." बाबा तिच्या बोटांकडं पाहून राहिले होते. बंद केली. बोटं निघाली.

अजून एकदा चालू केली. मग बंद केली ती केलीच.

मी आईकडं पाहिलं. ती लायटी विझल्या तिथंच पाहत उभी होती. हातातलं पीठ वाळून राहिलं होतं. माझ्या डोक्यात एक एक करून सगळं येऊन राहिलं होतं. चावी-भाजी. रोज जेवताना टीव्हीचा आवाज वाढव, अजून वाढव. ट्रकवाल्याची शिवी. फॅक्टरीतली वीस वर्षं, भट्टीजवळचे पंखे, कानात कापूस घालून घरी येणारे बाबा. अन् येऊ दे, राहू दे. दोन्हीच्या मागं 'ऊ दे' एकच. सुरुवातीचं गळून गेलं की राहते काय? मी थाप मारली तेव्हा गाडी काहून थांबली तेही समजलं, थाप गाडीतून अंगाले लागते.

मी तोंड उघडलं. "आई, म्हणजे त्या दिवशी..."

"पियुष." तिनं मान हलवली. मग बाबाले ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "तो बजर खराबच हाय. काढून टाक. दुकानवाल्यानं फसवलं तुले."

"पण..."

"काढून टाक म्हटलं ना."

ती आत गेली. पीठ मळायचा आवाज आला, धप, धप, पाहिजे त्यापेक्षा जोरात.

बाबा बराच वेळ खाली उतरले नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. उतरले तेव्हा माझ्याजवळून गेले, नळावर पाय धुतले, एकच पाय दोनदा धुतला. मी नंबर प्लेटच्या मागं हात घालून बजरच्या दोन्ही तारा तोडल्या अन् टोकांवर टेप गुंडाळला.

जेवायले बसलो. टीव्ही श्रावणीनं लावला तर बाबानं बंद केला.

*

पहाटे जाग आली ती बाहेरच्या खटपटीनं. बाबा गाडीच्या मागं उकिडवे बसले होते, हातात पाना, एका लाइटचा नट फिरवून राहिले होते. उलटा फिरवून राहिले होते.

"काय झालं?" मी समोर जाऊन, तोंड दिसेल असं विचारलं.

"हे वर कर."

"वर केली तर जमीन नाही दिसणार, बाबा."

"जमीन मले माहीत हाय कशी हाय. हिचा हात दिसला पाहिजे."

मी पाना घेतला. नट ढिला केला, लाइट वर उचलली. बाबा मागं सरकून उभे झाले, जिथं आई उभी राहते तिथं, चाकाच्या रेषेपासून थोडं उजवीकडं. हात वर केला. "इथपर्यंत," म्हणाले. मग दुसरी लाइट. मी कॅबिनमधे जाऊन रिव्हर्स टाकला अन् उजव्या आरशात पाहिलं. बाबा दिसले, डोक्यापासून पायापर्यंत, पांढरेफट्ट, एक हात वर, शाळेत उभं केलेल्या पोट्ट्यासारखे. मी आवळून टाकलं.

घरात जाऊन बाबा काय म्हणाले ते मले माहीत नाही. म्हणाले तरी का, ते पण माहीत नाही. मी एवढं पाहिलं, बाबानं माझे जुने बूट चपलांच्या बाजूनं उचलले अन् दाराच्या समोर ठेवले. तोंडं बाहेरच्या बाजूले. आई चहाचे कप धुऊन आली, पदराले हात पुसले, बुटांकडं पाहिलं. मफलर शोधायले आत गेली. लवकर आली नाही. बाबानं गाडी चालू करून ठेवली, पण हॉर्न वाजवला नाही.

ब्यारात पोहोचलो तेव्हा धुक्यात गंज्या पण नीट दिसत नव्हत्या. मजूर शेकोटीजवळ बसले होते. आई उतरली तशी त्यातला तोच हसला, "ले, फेर लान डारिस." पुन्हा घेऊन आला, म्हणे. आईनं ऐकलं. बाबानं नाही.

आई दार लावून राहिली होती तेव्हा बाबा वाकून तिले काही तरी बोलले. त्यांच्या हिशोबानं हळूच बोलले असतील. पण ज्याले आपलाच आवाज ऐकू येत नाही त्याले हळू कसं बोलता येईल. पूर्ण ब्यारात गेला आवाज, शेकोटीपासून कोठ्यापर्यंत, गाईनं मान वर केली.

"त्या दिवशी तू राहू देच म्हटलं होतं!"

मजुरांले मराठी बोलता येत नाही, पण एवढं सगळ्यायले समजते. हसणारा काडीनं निखारा उकरायले लागला. दाऊ कंबलमधून पाहून राहिले होते.

आई म्हणाली, "हव." अन् मागं चालली गेली.

मी कॅबिनमधेच राहिलो, डावीकडची काच खाली करून. बाबानं रिव्हर्स टाकला. रिले टक् वाजली, मले ऐकू आली. मागं पांढरा उजेड पडला अन् आरशात आई आली, नव्या खांबाच्या बाजूले, बूट तणसात, कोपराले पिवळी पट्टी. धुक्यात तिच्याभोवतीच उजेड होता, बाकी काही नव्हतं. तिनं हात पुढं करून बोटं आपल्याकडं ओढली. बाबानं क्लच सोडला.

तोंडानं पण ती बोलून राहिली होती. मी कान दिला.

"येऊ द्या," ती म्हणून राहिली होती. "येऊ द्या. येऊ द्या."

दे नाही. द्या.

नवा खांब बाबाच्या खिडकीतून गेला, एवढा जवळ की माझ्याच हातची बोटं मातीत उमटलेली दिसली. इकडं माझ्या खिडकीतून जुना गेला. आरशात आईचा हात वर झाला, पंजा पूर्ण उघडा.

"राहू द्या."

गाडी जागेवर थांबली. मागं गंजी अन् डाल्याच्या मधे एक कट्टा उभा राहीन एवढी जागा होती. बाबानं हँडब्रेक ओढला, तरी आरशातून नजर काढली नाही. आईनं हात खाली घेतला अन् डाला उघडायले आली.

मी त्यांच्या दंडाले हात लावला. तोंड समोर नेऊन विचारलं, "ऐकू आलं?"

"दिसलं," बाबा म्हणाले, अन् उतरले.